उस्तादाचा ओळंबा

४ फेब्रुवारी

ताईशी भांडले. विषय नेहमीचाच, म्हणजे मी.

बाबांना भरवायची पाळी माझी होती आणि शेवटचे दोन घास राहिले असताना मी उठले, एवढाच गुन्हा. "पायाला भिंगरी बांधून जन्माला आलीस," ताई म्हणाली. मी म्हटलं, कामाला उशीर होतोय. ती म्हणाली, तू महिनाभर रजेवर आहेस. हे माझ्या खरंच लक्षात नव्हतं. मग मी जास्तच चिडले, कारण चूक आपली असली की आवाज चढवण्यावाचून इलाज नसतो.

बाबांना झटका येऊन तीन महिने झाले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. जन्मभर गवंडीकाम केलेला, हाताखालच्या लोकांवर दिवसभर ओरडणारा माणूस, आणि आता त्यांच्याजवळ तीनच बोल शिल्लक आहेत. एक "हो". एक शिवी, जी फक्त व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंसाठी राखून ठेवलेली आहे. आणि एक "कळ काढ".

या "कळ काढ"वरून घरात तट पडलेत. ताईच्या मते त्यांच्या खांद्यात कळ येते आणि ती काढ असं ते सांगतात, म्हणून ती लगेच मलम घेऊन चोळायला बसते. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, म्हणतात की आम्ही दोघी बहिणी म्हाताऱ्याच्या उशाशी एकमेकींची कळ काढत असतो, त्याला तो कंटाळलाय. माझा तिसराच तट. मी कामाच्या दोरांची पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिले की बाबा हमखास बोलतात. माझ्याकडे बघतात, पिशवीकडे बघतात, डावा हात उचलतात आणि म्हणतात, "कळ... काढ." ते कुठल्या कळीबद्दल बोलतायत हे मला पक्कं ठाऊक आहे.

६ फेब्रुवारी

टेकडीवर पालिकेची पाटी लागली. "धोकादायक बांधकाम. प्रवेश बंद. तळघरे महिनाअखेर काँक्रीट ओतून बुजवण्यात येतील." मागच्या महिन्यात फोटो काढायला गेलेल्या कुणाचा तरी पाय फरशीत अडकून मोडला, त्याचा हा परिणाम. इतकी वर्षं कुणी तिकडे ढुंकून बघितलं नाही आणि आता यांना एकदम लोकांच्या पायांचा कळवळा आला.

टेकडीवर जे आहे त्याला सगळे चकवा म्हणतात. कुठल्या तरी जुन्या राजाचा खजिना होता. वरचा भाग कधीच ढासळला, खालच्या खोल्या शाबूत आहेत. त्या बांधल्या उस्तादानं. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. त्यानं चोरांसाठी असे काही सापळे करून ठेवले की राजा गेला, खजिना गेला, चोरायला काही उरलं नाही, तरी सापळे आपले इमानेइतबारे चालूच आहेत. आणि काम संपल्यावर उस्तादानं आपला ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते पाहायचा दोरीला लटकवलेलं वजन, अगदी आतल्या कोनाड्यात ठेवला आणि सांगितलं, ज्याला काम येतं त्याला तो मिळेल. आमच्याकडचे गवंडी अजून शपथ घेतात ती उस्तादाच्या ओळंब्याची. चांदीचा आहे म्हणतात.

मी शाळेत असताना बाबा त्याच्यासाठी आत गेले होते. तिसऱ्या खोलीत भिंतीला ओढायची लोखंडी कळ आहे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. बाबांनी डावी काढली. वरून दगड आला, मांडीचं हाड गेलं, तेव्हापासून ते लंगडतात. लंगडायचे. त्याबद्दल विचारलं की एवढंच सांगायचे, "डावीनं दगा दिला." मग उजवीबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि आता रोज बोलतायत, तर मी ऐकायचं नाही का?

मी ओळंबा आणणार. तो त्यांच्या हातात ठेवला की त्यांची जीभ सुटेल असं मला वाटतं. डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, त्यांच्याजवळ बसा, बोलत राहा. बसून काय होणार आहे? माणसानं काहीतरी करायला नको का?

७ फेब्रुवारी

दाजींना पटवलं. ते गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आहे, आणि आयुष्यभर तोच दाबून दाबून त्यांचा स्वभावच तसा झालाय. जिन्यावरून मी जरा भरभर उतरले तरी त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीत रुततो.

"आधी हे सांग," ते म्हणाले, "मी नाही म्हटलं तर तू एकटी जाशील?"

"जाईन."

"मग मला विचारतेस कशाला? धमकी देतेस म्हण." मग स्वतःच म्हणाले, "दोर मी धरीन. पण मी परत ये म्हटलं की परत यायचं आणि थांब म्हटलं की थांबायचं. अति घाई संकटात नेई."

हे वाक्य त्यांच्या गाडीच्या मागे लिहिलेलं आहे, म्हणून त्यांना ते फार आवडतं. ताईला काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. दाजी ताईपासून काही लपवू शकत नाहीत, त्यामुळे ते किती दिवस टिकतं ते बघायचं.

९ फेब्रुवारी

पहिली खेप. सकाळी उजेड बघून गेलो.

माझं काम उंच इमारतींच्या काचा धुण्याचं. दिवसभर दोरावर लटकायचं. बाबा मला "पाल" म्हणायचे ते उगाच नाही. तेव्हा उंची, अंधार, अरुंद जागा यांचं मला काही वाटत नाही. पण चकव्याच्या दारात मी दोराची गाठ भीतीपोटी चारदा तपासली, हे इथं लिहायला हरकत नाही. दाजींना सांगितलेलं नाही.

पहिली खोली म्हणजे पलटी खाणाऱ्या फरश्या. वरून सगळ्या सारख्याच दिसतात, पण काही फरश्या मधल्या आसावर तोललेल्या आहेत. एका टोकाला पाय दिला की दुसरं टोक वर, आणि माणूस खाली. मी फरशीवर पायच दिला नाही. भिंतीत खुंट्या मारत, दोर अडकवत, कडेकडेनं पालीसारखी गेले. मधल्या एका फरशीवर हातोडी टाकून पाहिली. फरशी आवाज न करता फिरली, हातोडी गेली, आणि ती खाली पडल्याचा आवाज इतक्या उशिरा आला की दाजी बाहेरून ओरडले, "कोण पडलं?"

"हातोडी!"

"अरे देवा. माझी होती."

दुसऱ्या खोलीच्या तोंडापर्यंत पोचून परत फिरले. घरी येताना मी गाणं म्हणत होते. दाजी घामाघूम झाले होते, आणि ते तर नुसते बाहेर उभे होते.

१२ फेब्रुवारी

ताईला कळलं. अपेक्षेपेक्षा तीन दिवस जास्त टिकलं.

ती आधी दाजींवर ओरडली. मग माझ्याकडे वळली तेव्हा मात्र ओरडली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. ती एका बाईच्या झग्याची कंबर आत घेत होती. टाचण्या तोंडात धरून म्हणाली, "तू आत मरायला तयार आहेस. बाबांजवळ अर्धा तास बसायला तयार नाहीस."

मी म्हटलं, हे मी त्यांच्यासाठीच करतेय.

"तुला त्यांनी सांगितलंय?"

"रोज सांगतात."

तिनं टाचण्या तोंडातून काढल्या, झग्यात एकेक टोचल्या, आणि म्हणाली, "बरं." ताईचं "बरं" ऐकून घ्यावं लागतं तेव्हा मला घरात थांबवत नाही. बाहेर जाऊन दोन गल्ल्या चालून आले.

परत आले तेव्हा बाबा जागे होते. मागच्या खोलीत असतात ते. ही खोली त्यांनीच बांधली, ताईच्या लग्नाच्या वेळी, पाहुणे यायच्या आत पुरी करायची म्हणून. तिथल्या भिंतीतल्या कपाटाचं दार आपोआप उघडतं. मिटलं की हळूहळू कुरकुरत उघडतं. बाबा कायम सुताराच्या नावानं बोटं मोडायचे. ताईनं खाली कागदाची घडी घातली आहे, ती सरकते. मी कपाट मिटलं, ते उघडलं, परत मिटलं. बाबांच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला असतो, त्यातून लाळ येते, आणि ती पुसताना ते माझ्याकडे बघतात. ते बघणं मला सहन होत नाही. कोणाला सांगणार? भांडताना ताईला सांगता येत नाही आणि भांडत नसताना आम्ही बोलत नाही.

मी पिशवी उचलली. मागून आवाज आला, "कळ काढ."

"काढते बाबा," मी म्हटलं. "काढतेच आहे."

१३ फेब्रुवारी

दुसरी खोली पार. हिच्यात छताला भोकं आहेत आणि जमिनीवरचा एक चौथरा दाबला की त्यातून दगड येतात. दगड अजूनही भरलेले असतील असं वाटलं नव्हतं. लांबून बांबू दाबून पाहिला तर खोली दणाणली. धूळ बसायला वेळ लागला. मी धूळ बसायची वाट न बघता पुढे गेले, नाकातोंडात गेली, खोकून खोकून बेजार. बाहेर दाजींनी दोर इतका ताणून धरला की मी मागे ओढली जात होते. पंचाईत अशी की मी खोकत होते आणि ते समजत होते मी हाका मारतेय.

पण तिसरी खोली पाहिली. बाबा जिथे पडले ती.

लहानशीच आहे. समोर दगडी दार, त्याला ना कडी ना कोयंडा. जमीन दोन्ही बाजूंनी तुटून खाली गेलेली, मधोमध जात्याएवढा एक गोल दगड उरलेला. उभं राहायला तेवढीच जागा. डाव्या बाजूला, तुटलेल्या जमिनीच्या कडेवर, वरून आलेला तो धोंडा अजून पडलेला आहे. त्याच्या खाली बाबांची थापी होती, दांडा कुजून गेलेली. मी ती उचलली नाही. उचलायला हवी होती, पण हात पुढे झाला नाही.

उजवीकडची कळ जागच्या जागी आहे. गंजलेली आहे, पण आहे.

१४ फेब्रुवारी

बोटाला लागलंय, आज गेले नाही. दिवसभर घरात. वेड लागेल.

१७ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा तिसऱ्या खोलीत. आज कळ काढायचीच असं ठरवून गेले आणि न काढताच आले. भित्री.

खरं म्हणजे तो गोल दगडच विचित्र आहे. त्यावर उभं राहिलं की तो केसभर खाली दबतो. दबला की मी तो सापळा समजून पटकन एका पायावरून दुसऱ्या पायावर होते, मग तो परत वर येतो. शिवाय भिंतीत उंदीर असावेत. मी दम घ्यायला जरा स्तब्ध राहिले की आत सर्रर्र असा बारीक आवाज होतो, आणि मी हलले की बंद. उंदरांना माझी चाहूल लागत असणार. पण इतक्या खोल, दगडाच्या आत उंदीर खातात काय?

दाजींना बाहेर येऊन सांगितलं. ते म्हणाले, "काम झालं नाही ना? छान. चल, चहा पिऊ." आनंद लपवतासुद्धा येत नाही या माणसाला.

१९ फेब्रुवारी

पालिकेनं तारीख अलीकडे घेतली. सोमवारपासून काम सुरू. आज टेकडीखाली काँक्रीटच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्यासुद्धा. शनिवारी शेवटची संधी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं मला म्हणणाऱ्या सगळ्यांनी आता पालिकेला म्हणून दाखवावं.

सरळ बाबांनाच विचारलं. खुर्ची ओढून समोर बसले, अगदी तोंडासमोर, आणि विचारलं, "बाबा, उजवी काढू?"

"हो," बाबा म्हणाले.

ताई दारात उभी होती. "ते सगळ्यालाच हो म्हणतात," ती म्हणाली. "काल मी विचारलं, मी म्हातारी दिसते का, तर हो म्हणाले."

"ते तर खरंच आहे."

ताई हसली. किती तरी दिवसांनी. मग तिचं हसू गेलं. "समजा, दगड आला तर? तुझ्या दाजींना बाहेर दोराच्या टोकाला काय मिळेल, त्याचा विचार केलास? मी एकाला भरवतेय, दोघांना भरवायची ताकद नाही माझ्यात. मला भीती वाटते गं. तुला कळतच नाही."

मला काय भीती वाटत नाही? मला या खोलीची जास्त वाटते, एवढाच फरक. बाबांनी डावा हात उचलून माझं मनगट धरलं. पकड अजून गवंड्याची आहे. मी हळूच सोडवून घेतलं, कारण दोर तपासायचे राहिले होते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दमलेय, अक्षर कसंही येईल. पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी निघताना ताई दारापर्यंत आली आणि माझ्या हेल्मेटचा पट्टा घट्ट करून गेली. वाटेत दाजींनी एकदाही गाडीच्या मागचं वाक्य म्हटलं नाही, त्यावरून मी ओळखलं की ते फार घाबरलेत.

पहिली खोली, दुसरी खोली, सगळं पाठ झाल्यासारखं. तिसऱ्या खोलीत गोल दगडावर उभी राहिले. दाजी बाहेर, दोन खोल्यांच्या पलीकडे, दोर धरून. ते दिसत नाहीत, आवाज येतो, तोही भिंतींवर आपटत आपटत. मी दोन्ही हातांनी उजवी कळ धरली. पाय रोवले. मनात म्हटलं, बाबा, घ्या.

"दाजी, काढतेय!"

तिकडून काहीतरी ओरडले. पहिल्यांदा नुसता गोंधळ ऐकू आला. मग भिंतींनी शेवटचे शब्द तेवढे माझ्यापर्यंत आणून दिले. "...कळ काढ!"

दाजीसुद्धा! मला इतका जोर आला म्हणून सांगू. मी ओढली. गंजातून कळ सुटली, जेमतेम नखभर पुढे आली, आणि माझ्या हेल्मेटवर वरून बारीक माती पडली.

तेवढ्यात दाजी परत ओरडले, या वेळी चांगलं मोठ्यानं, त्रासलेल्या आवाजात, शिकवणीच्या गाडीत ओरडतात तसं. "अगं बाई, दोर अडकलाय दगडात! जरा कळ काढ की!"

जरा.

भिंतीतली कळ कुणी "जरा" काढत नाही. जरा कळ काढ म्हणजे थांब. दम धर. दार उघडेपर्यंत बाहेर उभ्या असलेल्या माणसाला म्हणतात, दूध गार होईपर्यंत पोराला म्हणतात, बांधकामावर गिलावा सुकेपर्यंत बाबा सगळ्यांना म्हणायचे. लहानपणी मला तर दिवसातून दहा वेळा म्हणायचे. आणि मी दारात पिशवी लावून उभी. ते हात उचलून, होत्या नव्हत्या त्या दोन शब्दांनिशी सांगायचे, पोरी, थांब. त्यांना "जरा" म्हणता येत नव्हतं, एवढंच. ते मला इकडे पाठवत नव्हते. जाऊ नको म्हणत होते. बस म्हणत होते.

मी कळीवरचे हात काढले. एकेक बोट सोडवावं लागलं. आणि मग मला रडू फुटलं, तिथेच, त्या दगडावर, हेल्मेट घालून.

"काय झालं? लागलं का?" दाजी.

"नाही! तुम्ही सोडवा सावकाश. मी थांबलेय."

"कोण थांबलंय?"

"मी!"

बहुधा त्यांना विश्वास बसला नसावा. दोर अडकलेला, पुढे मागे कुठे जाता येत नाही, डोक्यावर काय आहे माहीत नाही. तेव्हा मी उभी राहिले. पायाला सवय नाही. आधी पोटरीत मुंग्या आल्या, मग नाकाला खाज सुटली, मग पाठीला, जिथे हात पुरत नाही नेमकी तिथेच. मी हलले नाही. आणि ते उंदीर सुरू झाले. सर्रर्र. या वेळी थांबले नाहीत. भिंतीच्या आत वाळू वाहत होती. माझ्या पायाखालचा दगड दबत होता, अगदी सावकाश, आणि मी उडी मारली नाही, कारण या खेपेला मला माहीत होतं की उस्ताद काय मागतोय. चोराला जे कधीच जमणार नाही तेच. बाबांना इथे जमलं नव्हतं, मला कुठेच जमलेलं नाही.

समोरचं दार वर जाऊ लागलं. घासत, कुरकुरत, मधेच अडत. पूर्ण उघडलं तेव्हा दुसऱ्या बाजूनं उजेडाची तिरीप आली आणि मी वर बघितलं. डोक्याच्या बरोबर वर एक शिळा होती आणि तिच्याखाली आडवी घातलेली खुंटी उजव्या कळीला जोडलेली होती. खुंटी जवळजवळ निसटली होती. नखभर ओढलं होतं ना मी.

ओळंबा दाराआडच्या कोनाड्यात होता, उभ्या जागेवरून हात पुरेल इतका जवळ. चांदीचा वगैरे काही नाही. साधा पितळी, काळवंडलेला, माथ्याशी अंगठ्यानं झिजलेला. परत येताना मी डावीकडच्या धोंड्याखालची बाबांची थापीही घेतली.

दाजींनी मला बघितलं, ओळंबा बघितला, आणि खालीच बसले. "ओरडलो तुझ्यावर," ते म्हणाले. "रागावू नकोस. दोराचा गुंता झाला होता."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

२२ फेब्रुवारी

सकाळी बाबांच्या डाव्या हातात ओळंबा ठेवला. मनात अजून आशा होतीच, खोटं कशाला लिहू. वाटलं, आता बोलतील. बाबांनी तो तळव्यावर तोलला. झिजलेल्या जागी अंगठा ठेवला. डोळे भरून आले त्यांचे. पण बोलले काहीच नाहीत. जीभ काही सुटली नाही.

मला काय करावं ते सुचेना. ताईच्या शिलाईचा जाड दोरा घेतला, ओळंब्याला बांधला आणि पडद्याच्या दांडीच्या आकड्याला, कपाटाच्या भिंतीलगत लटकावला. निदान त्यांना पडल्या पडल्या दिसेल. ओळंबा झोके घेऊ लागला.

"ताईला बोलावते," मी उठत म्हटलं.

"कळ काढ," बाबा म्हणाले.

मी बसले. पलंगाच्या कडेला, त्यांच्या जवळ. त्यांनी माझं मनगट धरलं, आणि आम्ही दोघं ओळंब्याकडे बघत राहिलो. झोका लहान झाला, आणखी लहान झाला. मधे माझा पाय दोनदा हलला, त्यांनी दोन्ही वेळा मनगट दाबलं. शेवटी ओळंबा थांबला.

वर भिंतीपासून दोरा बोटभर लांब होता. खाली चार बोटं.

मी परत पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. ते भिंतीकडेच बघत होते. सगळ्या गावाच्या भिंती केसभर कलल्या म्हणून पाडायला लावणारा माणूस, आणि त्याच्याच घरात, त्याच्याच हातची भिंत! तेवढ्यात कागदाची घडी सरकली आणि कपाटाचं दार कुरकुरत, अगदी आरामात, आपोआप उघडलं. सुताराचा काही दोष नव्हता. इतकी वर्षं त्या बिचाऱ्यानं शिव्या खाल्ल्या.

बाबांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, मला वाटलं परत झटका. "ताई!" ओरडले. मग आवाज आला आणि कळलं, ते हसत होते. अर्ध्या तोंडानं, लाळ गळत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मी त्यांचं तोंड पुसलं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी बघू दिलं.

"घाई," बाबा म्हणाले.

नवा शब्द. तीन महिन्यांतला पहिला. भिंतीकडे बोट करून म्हणाले, मग स्वतःच्या मोडक्या पायाकडे, मग माझ्याकडे. "घाई. घाई. घाई." आणि परत हसायला लागले.

ताई मलम घेऊन धावत आली होती. "काय झालं? कुठे कळ येतेय?"

"कुठे नाही," मी म्हटलं. "बस. सांगते सगळं."

"मला वेळ नाहीये, त्यांची जेवायची वेळ झाली."

"आण. मी भरवते."

तिनं वाटी आणून दिली आणि दारातच उभी राहिली, बघत. बाबा सावकाश चावतात. एकेक घास म्हणजे एक युग. शेवटचे दोन घास राहिले तेव्हा ताई पुढे आली, मलमाची डबी खाली ठेवली, आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली. मी ते दोन्ही घास भरवले.